खाली जाळ, तवा गार

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल. अंबाजोगाईच्या कॉलेजात चार वर्षं घासली, फर्स्ट क्लास काढला, आणि त्या चार वर्षांत कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत काय असतं ते एकदाही पाहिलं नाही. प्रोसेसरच्या चौकोनी आकृत्या मात्र वहीत ढीगभर काढल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझी आई माझ्याबद्दल वापरायची, आणि मला तिचा राग यायचा. आता येत नाही.

तर २००७ सालच्या फेब्रुवारीतला शनिवार. हिंजवडीजवळच्या जांबे गावात रत्नाबाईंच्या चाळीतली पाच नंबरची खोली, सकाळचे नऊ. मी फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर माझा कॉम्प्युटर, झाकण काढलेला, आणि त्यात मी स्वतःच्या हातांनी बसवलेला नवा प्रोसेसर. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा. माझ्या टीममधल्या निषादने त्याच्या मशिनमध्ये त्याहून भारी घातला, म्हणून त्याचा जुना मला दिला. वरचा पंखा आणि पंख्याखालचा पात्यांचा ठोकळा मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, आणला होता. प्रोसेसरची उष्णता तो ठोकळा ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, प्रोसेसरचं नाव बरोब्बर आलं आणि मी एकटीच टाळ्या वाजवायला लागले. काय आनंद झाला म्हणून सांगू. चार वर्षांच्या डिग्रीने जे दिलं नव्हतं ते एका स्क्रू-ड्रायव्हरने अर्ध्या तासात दिलं होतं.

मग पंख्याने सूर धरला. आधी घरघर, मग घोंघाट, आणि दोन मिनिटांत असा आवाज सुरू झाला की बाहेर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेल्या रत्नाबाई सुपासकट दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, गिरणी टाकलीस व्हय?"

मी म्हटलं, नवीन आहे, सुरुवातीला ओरडतो, होईल गप्प. हे मी कुठल्या आधारावर म्हटलं ते मला विचारू नका.

आता हा पंखा गप्प होणं माझ्यासाठी का जिवावरचं होतं, ते सांगते. हिंजवडीत माझी कंपनी एका मोबाइल कंपनीच्या हेल्पलाइनचं सॉफ्टवेअर सांभाळायची. फोन लावला की बाई बोलते ना, याच्यासाठी हे दाबा, त्याच्यासाठी ते दाबा, ती. माझं काम टेस्टिंगचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती बाई ऐकायची आणि कुठे चुकली तर नोंद करायची. इंग्रजी बाई झकास होती, हिंदी बाई बरी होती, आणि मराठी बाईचं ऐकलं की माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, "आपली शिल्लक जाणण्या हेतू कृपया तीनला दाबा." तीनला दाबा म्हणजे काय, त्याचा गळा? चौदा वेळा मी नोंद केली की हे मराठी नाही. चौदाही वेळा उत्तर आलं की बटण दाबल्यावर शिल्लक कळते, तेव्हा दोष नाही.

जानेवारीत हेमलता मॅडम आमच्या प्रमुख म्हणून आल्या. त्यांनी माझी पंधरावी नोंद वाचली, स्वतः फोन लावून ऐकलं आणि आठ दिवसांत नोटीस लागली. मराठी आवाज नव्याने रेकॉर्ड होणार. मजकूर सुधारून तयार आहे. कंपनीतल्या कुणीही पाच मिनिटांचा नमुना सीडीवर द्यावा, शेवटची मुदत म्हणजे हाच शनिवार, संध्याकाळी सहा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मागे कसलाही आवाज असल्यास नमुना ऐकला जाणार नाही.

कँटीनच्या दाराशी उभं राहून ती नोटीस मी तीनदा वाचली. मला ते काम हवं होतं. एवढी मला नोकरीसुद्धा हवी नव्हती. शाळेच्या गॅदरिंगपासून गल्लीतल्या गणपतीपर्यंत माईक दिसला की मी पुढे जायची. पुण्यात आले, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गंमतीत म्हणालं, तुझं मराठी फार गावाकडचं आहे गं, आणि तेव्हापासून मी बारीक आवाजात, ओठ चिमटीत धरल्यासारखी बोलायला लागले. पण माईक समोर आला की हात अजून शिवशिवायचे.

ऑफिसात रेकॉर्डिंग करून पाहिलं, तर एसीची घुंई सगळीकडे. खोलीवर केलं, तर माझा जुना कॉम्प्युटर एवढा मंद, की दर दहा सेकंदांनी अडखळायचा आणि माझ्या वाक्यातला एखादा शब्द गिळायचा. म्हणून हा प्रोसेसरचा खटाटोप. आता अडखळणं संपलं होतं, पण विमानतळ सुरू झाला होता. वर आणखी एक अडचण. भारनियमनात दुपारी अडीचला आमची लाईट जायची ती तीन तासांनी यायची. म्हणजे सहाची मुदत कागदावरच. रेकॉर्डिंग होऊन सीडी बर्न होऊन हातात यायची ती अडीचच्या आत.

पंखा काही गप्प झाला नाही. मी झाकण लावून पाहिलं, झाकण काढून पाहिलं, कॅबिनेट आडवं करून पाहिलं. रत्नाबाईंचे मालक, जयसिंग काका, सायकलचा पंप घेऊन आले आणि म्हणाले धूळ असंल, म्हणून आम्ही दोघांनी पंपाने हवा मारली. धूळ निघाली, ती माझ्या डोळ्यांत गेली, आवाज तसाच.

काकांचा जीव या प्रकारात भलताच रमला. माणसाने आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेली. शेताला पाणी देणारं इंजिन, मळणीचं यंत्र, काय वाट्टेल ते. शेत रस्त्यात आणि कंपन्यांत गेलं, त्या जागी ही बारा खोल्यांची चाळ उभी राहिली, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला तेलाचा डाग म्हणून नव्हता. ते म्हणाले, म्याडम, गोठा रिकामाच हाय, डबा तितं ठिवा आन् तुमी हितं बसा. कल्पना चांगली होती. पण माझ्या माईकची वायर हातभर आणि गोठा चाळीस पावलांवर, तेव्हा ती बारगळली.

मग मी माझी अक्कल चालवली. रत्नाबाईंकडून जाड गोधडी आणली आणि कॅबिनेटला चारी बाजूंनी नीट गुंडाळली. आवाज निम्म्यावर आला. मी खूश. पाचव्या मिनिटाला मशिनने एकदा चिर्र केलं आणि जीव सोडला. हात लावला तर गोधडी आतून कोमट झाली होती. तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून मी वर त्यालाच विचारत होते, बाबा तू ओरडतोस का.

साडेदहा झाले. मी निषादला फोन लावला. तो म्हणाला, चालू होताना जो निळा पडदा येतो त्यात जा, तिथे पंख्याचा वेग कमी करता येतो. गेले, केला. आणि काय सांगू, खोलीत अशी शांतता पसरली की रत्नाबाईंच्या हातातली शेंग फुटलेली ऐकू आली. मी झडप घालून माईक ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "नमस्कार. आपलं स्वागत आहे." तीन मिनिटं मी लोण्यासारखी बोलत होते. चौथ्या मिनिटाला पुन्हा चिर्र, पुन्हा काळा पडदा, आणि फाइल जतन करायची राहिलेली.

या वेळी मात्र मी रागावून रडले. परत चालू करून निळ्या पडद्यावर तापमान पाहिलं तर चौऱ्याण्णव. पंखा ओरडत होता तो काही उगाच नव्हता. मशिन आतून पेटलं होतं आणि तो बिचारा जिवाच्या आकांताने वारा घालत होता. मी त्याचंच तोंड दाबलं होतं.

निषादला परत फोन. तो म्हणाला, प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये पांढरी पेस्ट लागते, ती कमी पडली असेल, पुन्हा लाव. मी मशिन बंद केलं, ठोकळ्याच्या चार खुंट्या सोडवल्या, तो उचलला, ट्यूबमधून आणखी पेस्ट लावली आणि तस्सा परत बसवला. फार जपून केलं हो हे. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, मॅडम, खालचा तांब्याचा भाग आरशासारखा आहे, त्याला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं तरी फरक पडतो. मी रुमालाने धरला. बोटाचा एक ठसा उमटू दिला नाही.

चालू केलं. चौऱ्याण्णव. पंखा पुन्हा किंचाळायला लागला. घड्याळात पावणेबारा.

निषाद म्हणाला, मग प्रोसेसरच गेला असेल, सॉरी यार. त्या सॉरीने माझी उरलीसुरली हवा गेली. मी उठून रत्नाबाईंच्या घरात गेले आणि त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. सोफा चर्र वाजला. तो नेहमीच वाजायचा, कारण त्याचं दुकानातलं प्लास्टिक दोन वर्षांत कुणी काढलं नव्हतं. रत्नाबाईंच्या घरात सगळंच प्लास्टिकमध्ये होतं. फ्रिजचं दार प्लास्टिकमध्ये, टीव्हीचा रिमोट पिशवीत रबर लावून, गाडीच्या सीटा प्लास्टिकमध्ये. उन्हाळ्यात त्या गाडीतून उतरताना माणूस सोलून निघायचा. मी त्यांना येता-जाता टोमणे मारायची. मावशी, जयसिंग काकांवर पण एक पिशवी चढवा, म्हणजे नवे राहतील. त्या हसायच्या, पण प्लास्टिक जागचं हलायचं नाही. म्हणायच्या, जिनगीत पहिल्यांदा नवं आलंय, ऱ्हाऊ दे की नवं.

त्यांचा मोबाइलही प्लास्टिकच्या खोळीत होता, आणि त्या मोबाइलची वेगळीच कथा होती. दिवाळीत कुणाला तरी फोन लावताना रत्नाबाईंकडून नको ते बटण दाबलं गेलं आणि त्यांच्या नंबरावर एक हिंदी प्रेमगीत चिकटलं. त्यांना फोन लावणाऱ्याला घंटीऐवजी तो हिरो गळा काढून ऐकू यायचा. सरपंचांनी ऐकलं, भावकीने ऐकलं, लेकीच्या सासूने ऐकलं आणि लेकीला विचारलं, तुझ्या आईला ह्या वयात काय झालं म्हणून. ते बंद करायला हेल्पलाइनला फोन लावावा, तर तीच ती तीनला दाबणारी बाई. मी दोनदा लावून देते म्हटलं, तर रत्नाबाई अडून बसल्या. माझा फोन, माझं गाणं, म्या बंद करीन, मला समजंल असं कुणी बोललं पायजे फकस्त.

तर मी त्या चर्र वाजणाऱ्या सोफ्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं. प्रोसेसर गेला, काम गेलं, आता तीच बाई आणखी पाच वर्षं बोलत राहणार. रत्नाबाईंनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, चल बघू.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही काय बघणार? हे मी बोलले. आजही आठवलं की कान तापतात.

त्या माझ्या खोलीत आल्या. पंखा केकाटत होता. त्या खाली बसल्या, थोडा वेळ नुसतं ऐकलं, मला विचारलं की विजेचा झटका तर बसणार न्हाई न्हवं, आणि मी नाही म्हणताच त्यांनी सरळ त्या पात्यांच्या ठोकळ्याला कडेने बोटं लावली. सकाळपासून मी, काका आणि फोनवरून निषाद अशा तिघांनी मशिनवर नाही नाही ते प्रयोग केले होते, पण मशिन चालू असताना त्या ठोकळ्याला हात लावून पाहावं हे एकालाही सुचलं नव्हतं. मी तर पडद्यावरचा आकडा वाचत होते.

"ह्यो तर गार हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, गार कसा असेल, चौऱ्याण्णव आहे.

"तू हात लावून बघ की."

मी लावला. गार होता. माठासारखा नव्हे, पण चौऱ्याण्णवला भाजून बोटाला फोड यायला हवा होता, आणि हा जेमतेम उन्हात ठेवलेल्या भांड्याएवढा.

"चुलीत जाळ धडाडलाय आन् तवा गार," रत्नाबाई म्हणाल्या. "मधी काय ठिवलंयस?"

मी म्हटलं, काही नाही, पेस्ट. मला तो चकचकीत तांब्याचा तळ आठवला. जरा जास्तच चकचकीत.

बटण बंद. खुंट्या सोडवल्या. ठोकळा उलटा केला आणि खिडकीशी उजेडात नेला. तांब्यावर पारदर्शक प्लास्टिक होतं. नवा माल घासू नये म्हणून कारखान्यात चिकटवतात ते. कडेला त्याची इवलीशी जीभसुद्धा होती, इथून सोला म्हणून. मी ते पाहिलं नव्हतं असं नाही हो. पाहिलं होतं. तपकीर गल्लीतून आणलं तेव्हाच पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, याने तळाला बोट लागणार नाही. वरून दोनदा पेस्ट थापली. उष्णतेने ते प्लास्टिक दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं होतं.

मी ते चिमटीत धरून सोललं आणि रत्नाबाईंपुढे धरलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ते बघितलं, आणि मग त्या हसायला लागल्या. बसल्या जागी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काका धावत आले, त्यांना कळेना काय झालं.

"आमच्या सोफ्याला नावं ठिवत हुती," एवढंच त्यांना सांगता आलं.

मीही हसले. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. प्रोसेसर गेला नव्हता. जखमेला लावायच्या स्पिरिटने तळ लखलखीत पुसला, ट्यूब पिळून तांदळाएवढी पेस्ट निघाली ती लावली, ठोकळा बसवला, खुंट्या दाबल्या. मी बटण दाबलं. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे, रत्नाबाई माझ्या खांद्यावरून पडदा बघतायत, त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं तरी. बेचाळीस. त्रेचाळीस. त्रेचाळीसवरच थांबलं. पंखा फिरत होता का नव्हता, ते वाकून पाहावं लागलं. रत्नाबाईंनी पुन्हा बोटं लावली आणि मान हलवली. आता तवा तापत होता.

पाऊण वाजला होता. मी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पाच मिनिटांचा मजकूर एका दमात म्हटला. लावून पाहिला. एकही शब्द गिळला नव्हता, पंख्याची घुंईसुद्धा नव्हती. फक्त वरच्या मजल्यावर काका नव्या खोल्या बांधून घेत होते, गवंडी त्या दिवशी उशिरा आलेले, त्यांच्या कामाची खडखड मागे ऐकू येत होती. काकांनी तेही ऐकलं, बाहेर गेले आणि वर तोंड करून गवंड्यांना सांगितलं, जेवणाची सुट्टी आत्ताच घ्या, आन् जरा लांब जाऊन जेवा. मग ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. पाण्याचा टँकर आला तो त्यांनी वळणावरच थोपवला. सात नंबरमधली पोरं हिंदी गाणी लावून कपडे धुत होती, त्यांनाही गप्प केलं. ऐन दुपारी जांब्यात एवढी शांतता त्या चाळीने कधी ऐकली नसेल.

पण मी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करणार तेवढ्यात रत्नाबाई म्हणाल्या की मघाचं मला ऐकव. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"ही कोण बाई?"

मी म्हटलं, मीच.

"तू न्हाईस ही. ही त्या फोनमधल्या बाईची भण. हिला म्या काय इचारावं? म्या फोन ठिवला असता."

मला एवढा राग आला. घड्याळात दीड वाजत आला होता, लाईट जायला तासभर, सीडी बर्न व्हायला दहा मिनिटं, आणि ही बाई मला आवाज शिकवतेय. मी तोंड उघडलं सुनवायला, आणि माझ्याच लक्षात आलं की भांडायला मी जो आवाज काढणार होते तो बारीक नव्हता. तो अंबाजोगाईचा होता. गल्लीतल्या गणपतीचा होता. दोन वर्षं मी तो ऑफिसात एकदाही काढला नव्हता.

मी म्हटलं, मावशी, मग तुम्ही बसा इथं समोर. तुम्हालाच सांगते.

एकच खबरदारी राहिली होती. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधडीत बसून रेकॉर्डिंग करतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. सकाळी मशिनला गुंडाळलेली तीच गोधडी आम्ही दोघींनी डोक्यावरून घेतली. आत अंधार, फेब्रुवारीच्या दुपारचा गदगदणारा उकाडा, पावट्याचा हिरवा वास. रत्नाबाईंनी त्यांच्या मोबाइलचा उजेड कागदावर धरला, तो प्लास्टिकच्या खोळीमुळे अंधूक पडत होता. त्यांनी तो खोळीतून काढला.

मी बोलायला लागले. मजकूर तोच, शब्द तेच, पण मी ते समोर बसलेल्या बाईला सांगत होते. शिल्लक पाहायची असेल तर तीन दाबा. मी तीन म्हटलं की रत्नाबाई माझ्या गुडघ्यावर अंगठ्याने दाबायच्या. गाणं बंद करायचं असेल तर चार दाबा. त्यांनी चार इतक्या जोरात दाबलं की गुडघा दुखला. मी हसू आवरलं, आणि ते आवरलेलं हसू आवाजात उतरलं असावं. आपण फोन केलात, आम्ही आभारी आहोत, इथपर्यंत आले तेव्हा आम्ही दोघी घामाने निथळत होतो आणि मला वाटत होतं की हे संपूच नये.

एकदा ऐकलं. पुन्हा ऐकायची गरज नव्हती. दोनला सीडी घातली, सव्वादोनला ट्रे बाहेर आला आणि सीडी माझ्या हातात गरम गरम पडली. लाईट त्या दिवशी पावणेचारला गेली. आमची सगळी धावपळ फुकट, पण तोवर काका मला प्लास्टिकच्या सीटवर बसवून हिंजवडीला पोचवून आलेही होते.

संध्याकाळी परत आले तर रत्नाबाईंनी टीव्हीच्या रिमोटची पिशवी काढलेली. मी सोफ्याकडे पाहिलं. तो तसाच होता. त्या म्हणाल्या, सोफ्याला कुठं ताप येतोय?

दहा दिवसांनी हेमलता मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, तेवीस नमुने आले, त्यातल्या बावीस जणांनी माहिती वाचून दाखवली. तुम्ही कुणाला तरी सांगत होतात. शिवाय मागे काडीचा आवाज नाही. कुठला स्टुडिओ? मी म्हटलं, जांबे. त्यांनी ते लिहून घेतलं. मी केबिनच्या बाहेर आले आणि जिन्यात जाऊन दोन्ही मुठी आवळून उड्या मारल्या. पुढे सगळा मजकूर पुण्यातल्या खऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. तिथे गोधडी नव्हती, पण मी डोळे मिटले की गुडघ्यावर अंगठा यायचा.

मे महिन्यात नवा आवाज सुरू झाला. तो सुरू झाल्याचं मी घरी किंवा चाळीत कुणाला सांगितलं नव्हतं, आधी आठवडाभर नीट चालू दे म्हणून. तिसऱ्या दिवशी ऑफिसात उशीर होणार होता. माझं पाणी भरून ठेवा म्हणून सांगायला रत्नाबाईंना फोन लावला आणि सवयीने फोन कानापासून जरा लांब धरला, त्या हिरोचा गळा सहन होत नसे म्हणून.

गाणं लागलं नाही. घंटी वाजली. साधी ट्रिंग ट्रिंग.

मी फोन कानाला घट्ट लावला. चार वेळा वाजली. चारही वेळा मी श्वास धरून ऐकली, आणि माझे डोळे भरून आले. शेजारचा निषाद विचारायला लागला की काय झालं, कुणी गेलं का. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

रत्नाबाईंनी फोन उचलला. मी विचारलं, मावशी, गाणं गेलं?

"गेलं की. एक दाबलं, मंग चार, मंग दोन. तू म्हनालीस तसं."

मी ओढणीने डोळे पुसले.

"मधी म्या इचारलं बी तुला, जेवलीस का म्हून. बोलली न्हाईस. कामात असशील म्हनलं," रत्नाबाई म्हणाल्या. "पर शेवटाला आभारी आहोत म्हनालीस, तवा म्या बी म्हनलं, असू दे, असू दे."